तीन ट्रान्समीटर, एक मैदान, चोवीस तास

फील्ड डेला हौशी रेडिओवाले मैदानात तात्पुरती स्टेशनं मांडून ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधतात. त्याचा स्कोअर बराचसा पहिला कॉल देण्याआधीच ठरून गेलेला असतो. ऑपरेटर कितीही तयारीचा असो, त्याचे कान कितीही तिखट असोत. शेजारच्या तंबूतला ४० मीटर बँडचा (बँडांची ही नावं तरंगलांबीवरून पडली आहेत) ट्रान्समीटर सुरू झाला की २० मीटरच्या रिसीव्हरमध्ये नुसती खरखर भरत असेल, तर त्याचे हात बांधलेलेच. म्हणून इथे मैदानावरच्या मांडणीला, विजेला आणि आपल्याच स्टेशनांनी एकमेकांना दिलेल्या त्रासाला जास्त जागा दिली आहे. तीन ट्रान्समीटर आणि दहा-बारा माणसं धरून आम्ही ज्या क्रमाने काम करतो, तोच क्रम ठेवला आहे.

सुरुवात त्या वर्षीच्या नियमांपासून. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये, बोनसचे नियम बदलत असतात. एआरआरएल या अमेरिकेतल्या हौशी रेडिओ संघटनेचा फील्ड डे १९३३ साली सुरू झाला. हल्ली तो जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो, शनिवारी १८०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते रविवारी २०५९ यूटीसी. हे २७ तास होतात, पण मांडणी शनिवारी १८०० च्या आधी सुरू केली असेल तर त्यातले सलग २४ तासच वापरता येतात. शुक्रवारी ०००० यूटीसीच्या आधी मांडणीला हात लावायचा नाही, आणि सगळी उपकरणं व अँटेना ३०० मीटर व्यासाच्या वर्तुळात बसली पाहिजेत. आयएआरयू या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रीजन १ मध्ये (युरोप, आफ्रिका आणि आसपास) हाच प्रकार दोनदा होतो: जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सवर आणि सप्टेंबरच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी एसएसबीवर, म्हणजे आवाजाने. तिथे सिग्नल रिपोर्टसोबत अनुक्रमांक द्यायचा असतो. एआरआरएलच्या फील्ड डेत मात्र आपला वर्ग आणि सेक्शन, म्हणजे संघटनेने आखलेला आपला विभाग, सांगायचा. तीन किंवा अधिक माणसांचा गट आणीबाणीच्या विजेवर एकाच वेळी तीन सिग्नल हवेत सोडत असेल तर त्याचा वर्ग ‘३ए’. एकदोघांनी मैदानात मांडलेलं स्टेशन बी, घरातून घरच्या विजेवर चाललेलं डी, घरातूनच पण बॅटरी किंवा जनरेटरवर चाललेलं ई. रीजन २ च्या, म्हणजे दोन्ही अमेरिका खंडांच्या, बाहेरच्या स्टेशनांना अधिकृत प्रवेशिका पाठवता येत नाही, पण सेक्शनच्या जागी ‘डीएक्स’ सांगून ती समोरच्याला गुण देऊ शकतात.

वर्ग ठरवताना गणित करावंच. फोनवरच्या, म्हणजे माइकवर बोलून केलेल्या, संपर्काला १ गुण, मोर्सला २, डिजिटलला २. जनरेटर असो वा बॅटरी, १०० वॅटपर्यंत गुणक २. सगळे संपर्क ५ वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर केले, आणि वीज बॅटरीची, सौर किंवा तशाच स्रोताची असेल, जनरेटर आणि घरची लाइन नसेल, तर गुणक ५. म्हणजे १०० वॅटवर मिळाले असते त्याच्या ४० टक्क्यांहून जास्त गुण ५ वॅटवर मिळवता आले, तर ५ वॅटच फायद्याचे. दोन्हींतला फरक १३ डेसिबलचा, रेडिओवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर दोन घरांपेक्षा थोडा जास्त. मोर्स आणि संगणकावर चालणाऱ्या एफटी८ या डिजिटल मोडवर तो बऱ्यापैकी भरून निघतो, फोनवर नाही. गटात मोर्सचे चांगले हात दोनच असतील आणि बाकी सगळे माइकवाले असतील, तर ५ वॅटचा मोह टाळावा. ५ वॅटवर तासभर कुणी उत्तर दिलं नाही की नवीन माणूस खुर्ची सोडून जातो आणि परत येत नाही. मोर्सवालेच जास्त असतील तर मात्र आम्ही डोळे मिटून ५ वॅट घेऊ.

बोनसला गुणक लागत नाही, तरी ते सोडू नयेत. शंभर टक्के आणीबाणीच्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक ट्रान्समीटरमागे १००, म्हणजे ३ए ला ३००. सेक्शन मॅनेजरला रेडिओवरून औपचारिक संदेश पाठवला की १००, उपग्रहामार्फत एक संपर्क झाला की १००, निसर्गातून मिळालेल्या विजेवर किमान पाच संपर्क केले की १००. यातलं प्रत्येक काम एका माणसाच्या नावावर आधीच लिहून ठेवायचं. ‘कुणीतरी करेल’ असं सोडलेला बोनस हातून जातो, आणि रविवारी दुपारी उपग्रहाची खिडकी निघून गेल्यावर आठवतो.

जागा पाहायला आम्ही किमान एकदा आधी जातो. पहिली गोष्ट विजेच्या तारांची. मास्ट (अँटेनाचा खांब) कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोहोचता कामा नये, म्हणून मास्टच्या उंचीच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवायचं. जवळपास ट्रान्सफॉर्मर, विजेचं कुंपण किंवा सौर पॅनेलांचा मोठा इन्व्हर्टर आहे का ते पाहायचं, आणि बॅटरीवरचा छोटा रिसीव्हर ८० व ४० मीटरवर लावून मैदानभर फिरायचं. कोपरा बदलला की पार्श्वभूमीचा आवाज एस-७ वरून एस-२ वर उतरलेला आम्ही अनुभवला आहे. असा शांत कोपरा सापडला तर तंबूंचा सगळा नकाशा त्याच्याभोवती फिरवायला हरकत नाही.

आता अँटेना. फील्ड डेला तारेचे साधे डायपोल (मध्याशी केबल जोडलेली, दोन सारख्या पायांची तार) पुरतात. बँड बदलायचा तर तार बदलावी लागते, ही गैरसोय मान्य, पण पुढे त्याचाच फायदा होतो. लांबीसाठी १४३ भागिले मेगाहर्ट्झ: ७.१ ला २०.१४ मीटर, १४.२ ला १०.०७, २१.२ ला ६.७५, २८.४ ला ५.०४. ही एकूण लांबी, प्रत्येक पाय तिच्या निम्मा. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार ३ ते ४ टक्के आखूड लागते. तरीही सुरुवातीला प्रत्येक पाय ३० सेंटिमीटर जास्तच कापायचा, आणि जास्तीचा तुकडा न तोडता मागे दुमडून पिळायचा. ४० मीटरवर एकूण लांबी १० सेंटिमीटरने घटली की रेझोनन्स (अँटेना जिथे सर्वांत नीट चालते ती फ्रिक्वेन्सी) सुमारे ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो. हा आकडा मनात असला की नॅनोव्हीएनए हा अँटेना मोजणारा छोटा मीटर लावून दोन फेऱ्यांत काम होतं, मास्ट सहा वेळा खाली-वर करावा लागत नाही.

दहा मीटरचा मास्ट २० मीटरच्या डायपोलसाठी अर्ध्या तरंगलांबीइतका उंच पडतो, हे उत्तम. ४० मीटरसाठी तो पाव तरंगलांबीच आहे, त्यामुळे बरीचशी ऊर्जा उंच कोनात जाते. फील्ड डेला याची खंत करू नये, कारण समोरची पुष्कळ स्टेशनं काहीशे किलोमीटरवरच असतात. उलट्या व्ही आकारात लावताना शिखराचा कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, आणि तारेची टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर बांधायची. शंभर वॅटवर टोकाशी असलेला व्होल्टेज कातडी भाजायला पुरेसा असतो.

मास्टला दोन पातळ्यांवर तीन-तीन ताणदोर, एकमेकांशी १२० अंशांत. मेखा मास्टच्या उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर. दोर पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉन रात्रीच्या दवाने ताणतो आणि सकाळी मास्ट कललेला दिसतो. मास्ट उभा करताना प्रत्येक दोरावर एक माणूस, मास्टच्या पायथ्याशी एक, आणि आवाज देणारा एकच. झाड असेल तर २५० ते ३०० ग्रॅमची वजनाची पिशवी बारीक दोरीला बांधून गोफणीने फांदीपलीकडे टाकायची, त्या दोरीने जाड दोर ओढायचा. बेचकीने तंगूस उडवायची तर पलीकडे कुणी उभं नाही हे पाहणारा माणूस आधी नेमायचा. सगळ्या दोरांना कमरेच्या उंचीवर उजळ रंगाची फीत बांधायची. काळोखात तंबूबाहेर पडणाऱ्याला दोर दिसत नाही.

आणि आता ज्यात सर्वांत जास्त मन घालावं ते काम: स्टेशनांचा आपसातला त्रास. ७ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर १४, २१ आणि २८ वर आपल्या हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट जागी उमटणारे सिग्नल) टाकतो. कारखान्यातून आलेला रेडिओ त्या ४० ते ६० डेसिबलने दाबतो, आणि एरवी ते पुरतं. पण इथे रिसीव्हर शंभर पावलांवर आहे. दुसरा त्रास वेगळा आहे: शेजारचा मूळ सिग्नलच इतका जबर असतो की रिसीव्हरचा पुढचा भाग गुदमरतो, मग तो कुठल्याही बँडवर असो. दोन्हींचा उपाय निरनिराळ्या टोकांना करावा लागतो, म्हणून आधी रोग ओळखायचा.

ओळखण्याची रीत सोपी आहे. ज्याला त्रास होतो त्या रिसीव्हरवर २० डेसिबलचा ॲटेन्युएटर (येणारा सिग्नल कमी करणारा) लावायचा. बँडवरचे बाकीचे सिग्नल जितके उतरले तितकीच खरखर उतरली, तर ती खरोखर अँटेनातून येते आहे, म्हणजे दोष पलीकडच्या ट्रान्समीटरचा. खरखर त्याहून खूपच जास्त उतरली किंवा गायबच झाली, तर ती रिसीव्हरच्या आतच तयार होत होती. दुसरी खूण: त्रास देणाऱ्याला १ किलोहर्ट्झ सरकायला सांगा. आपल्याकडचा आवाज २ किलोहर्ट्झ सरकला तर ती दुसरी हार्मोनिक, ३ सरकला तर तिसरी.

दोष ट्रान्समीटरचा असेल तर त्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर बँडपास फिल्टर (एकच बँड जाऊ देणारा) किंवा स्टब (मापून कापलेला केबलचा तुकडा) लावायचा; रिसीव्हर गुदमरत असेल तर रिसीव्हरच्या बाजूला. फिल्टर विकत घेतलेले असोत वा हाताने गुंडाळलेले, त्यांची जागा रेडिओ आणि ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवणारी पेटी) यांच्या मध्ये. ट्यूनरच्या पलीकडे, अँटेनाच्या बाजूला लावला तर एसडब्ल्यूआर (अँटेना किती बेजुळ आहे त्याचं माप) जास्त असताना फिल्टरमधल्या कपॅसिटरांवर भलता व्होल्टेज चढतो आणि ते फुटतात. २० मीटरचा फिल्टर जोडलेला असताना कुणी रेडिओ ४० वर नेऊन १०० वॅट सोडले तरी तेच होतं. म्हणून फिल्टरवर बँडचा आकडा हाताच्या पंजाएवढा लिहून तो ऑपरेटरच्या समोर ठेवायचा, टेबलाखाली नाही.

फिल्टर नसतील तर कोॲक्सचे, म्हणजे अँटेनाच्या जाळीदार केबलचे, दोन तुकडे मोठं काम करतात. घन पॉलिथिलीनच्या केबलचा वेगगुणक ०.६६ धरला तर ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ६.९७ मीटर येते. या लांबीचा एक तुकडा, टोकाला आतली तार आणि जाळी जोडून, टी-कनेक्टरने ४० मीटरच्या रेडिओच्या आउटपुटवर लावायचा. ७ मेगाहर्ट्झला तो जणू नसतोच, पण १४ आणि २८ ला शॉर्ट होतो आणि हार्मोनिक सुमारे २० ते २५ डेसिबलने खाली येते. तेवढ्याच लांबीचा दुसरा तुकडा, टोक उघडं ठेवून, २० मीटरच्या रेडिओवर: तो १४ ला नसल्यासारखा आणि ७ ला शॉर्ट, म्हणजे शेजारचा जबर सिग्नल दारातच अडतो. कापताना ७.२ मीटरपासून सुरुवात करून नॅनोव्हीएनएवर खड्डा हव्या त्या फ्रिक्वेन्सीवर येईपर्यंत एकेक सेंटिमीटर छाटायचा. २१ मेगाहर्ट्झवर मात्र शॉर्ट केलेला तुकडा काही करत नाही. नेमका तिथेच ४० मीटरचा डायपोल तिसऱ्या हार्मोनिकवर छान चालतो, म्हणजे ७ ची घाण २१ वर पोहोचवायला तो तयारच असतो. त्यामुळे १५ मीटरच्या स्टेशनाला खरा फिल्टरच लागतो.

याच कारणासाठी टोकाला फीड दिलेली, ४९:१ ट्रान्सफॉर्मरची २० मीटर लांब तार आम्ही अनेक ट्रान्समीटरांच्या मांडणीत टाळतो. ४०, २०, १५, १० हे चारही बँड ट्यूनरशिवाय देणारी ती तार एकट्याच्या स्टेशनाला वरदान आहे, पण इथे ती प्रत्येक शेजाऱ्याचा सिग्नल आणि आपली प्रत्येक हार्मोनिक सारख्याच प्रेमाने वाहून नेते. एका बँडचा डायपोल स्वतःच थोडासा फिल्टर असतो.

अंतर आणि दिशा फुकट मिळतात. दोन डायपोल एकाच सरळ रेषेत, टोकाला टोक करून लावले तर एकमेकांत सर्वांत कमी शिरतात. समांतर समोरासमोर लावले तर सर्वांत जास्त. मध्ये ५० मीटर तरी ठेवायचे, जमलं तर १००. मग केबल लांबते. ३० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये २८ मेगाहर्ट्झला सुमारे अडीच डेसिबल जातात, जाड आरजी-२१३ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. सगळे रेडिओ एका तंबूत ठेवून लांब केबली ओढण्यापेक्षा प्रत्येक स्टेशनाचा छोटा तंबू त्याच्या अँटेनाजवळ उभारणं आम्हाला नेहमी चांगलं वाटलं. शेजाऱ्याचा आवाजही मग माइकमध्ये शिरत नाही. प्रत्येक डायपोलच्या मध्याशी चोक (केबलीच्या जाळीवरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) हवाच: ४३ मिक्सच्या २.४ इंची फेराइट कड्यावर आरजी-५८ चे १० ते १२ वेढे. तो नसला तर केबलीची जाळी अँटेनासारखी वागते आणि वरची सगळी मेहनत जमिनीवरून वाहून जाते. तीन केबली एका जुडीत बांधून आणणं हीही तशीच चूक.

मग सुरुवातीच्या किमान तीन तास आधी तपासणीचा तक्ता. आडव्या ओळीत ट्रान्समिट करणारं स्टेशन आणि बँड, उभ्या रकान्यात ऐकणारं. एक जण पूर्ण शक्तीवर मोर्सची चावी दाबतो, बाकीचे आपापला बँड चाळून एस-मीटरचा आकडा लिहितात. तीन स्टेशनं आणि पाच बँड असले तर अर्धा-पाऊण तास लागतो. जिथे एस-५ च्या वर आकडा येतो तिथे फिल्टर, स्टब किंवा अँटेनाची दिशा बदलून पुन्हा मोजायचं. जिथे काहीच लागू पडत नाही ती बँडांची जोडी ‘एकत्र नको’ म्हणून फळ्यावर लिहून ठेवायची. एकाच बँडवर फोन आणि मोर्स एकत्र चालवणं अशा जागेत जवळजवळ अशक्यच. ट्रान्समीटरचा पसरट आवाजच आड येतो आणि त्यावर फिल्टर चालत नाही.

विजेचा हिशेब आम्ही स्टेशनागणिक करतो. शंभर वॅटचा रेडिओ पूर्ण शक्तीवर २० ते २२ अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना सव्वा अँपिअरच्या आसपास. फोनवर वेळेच्या ३० टक्के ट्रान्समिट आणि त्यात सरासरी ९ अँपिअर धरले तर तासाला साडेतीन, म्हणजे २४ तासांना ८५ अँपिअर-तास. मोर्सला शंभरीच्या थोडं पुढे. एफटी८ ला निम्मा वेळ अखंड ट्रान्समिट चालतं, म्हणून शक्ती ३० वॅटवर आणूनही १४० ते १५० लागतात. आणि ज्याचा हिशेब सहसा धरलाच जात नाही तो लॅपटॉप: ३५ वॅट म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर, २४ तासांना ७० अँपिअर-तास, जवळपास रेडिओइतकेच. पडद्याचा उजेड कमी करून आणि जुना अधाशी लॅपटॉप घरी ठेवून यातले बरेच वाचतात. ५ वॅटचा छोटा रेडिओ मात्र २० अँपिअर-तासांत रात्र-दिवस काढतो.

लेड-ॲसिड बॅटरीच्या छापील क्षमतेतली निम्मीच धरायची. त्याहून खाली गेली की बॅटरी खराब होते आणि व्होल्टेजही उतरतो. बहुतेक रेडिओ १३.८ च्या १५ टक्के खाली, ११.७ व्होल्टपर्यंतच नीट चालतात. त्याच्या खाली ट्रान्समिट करताना फ्रिक्वेन्सी डगमगते, आवाज फाटतो, मग रेडिओ बंद पडतो. दोष बॅटरीवर ढकलण्याआधी तार मोजावी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने ३ मीटरवरून वीज आणली तर जाऊन-येऊन ६ मीटर होतात, आणि २० अँपिअरला ०.९ व्होल्ट तारेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरला हेच ०.४ च्या खाली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १३ व्होल्टवर सपाट चालते ही सोय मोठी, पण तिची संरक्षक सर्किट शेवटी कसलीही सूचना न देता वीज तोडते. व्होल्टमीटर पाहून ती किती उरली ते कळत नाही, अँपिअर-तास मोजणारं मीटरच लावावं लागतं. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावायचा, रेडिओच्या टोकाशी लावून तारेचं रक्षण होत नाही. सौर चार्जरचा कंट्रोलर घरीच रेडिओजवळ चालवून पाहावा, कारण काही कंट्रोलर ८० ते २० मीटरपर्यंत सगळीकडे कंगव्यासारख्या शिट्ट्या टाकतात.

जनरेटर घेतला तर २ किलोव्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर जनरेटर तीन स्टेशनांना आरामात पुरतो. पाव भारावर तो तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल पितो. २७ तासांना १३-१४ लिटर, आम्ही २० नेतो. तंबूंपासून २० मीटर तरी दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पाऊस आला म्हणून जनरेटर तंबूच्या कनातीखाली ओढला की माणसं जिवाला मुकू शकतात. पेट्रोल भरताना तो बंद करून १५-२० मिनिटं निवू द्यायचा. एवढा वेळ रेडिओ चालू राहावेत म्हणून प्रत्येक पॉवर सप्लायसोबत एक बॅटरी डायोडमधून जोडून ठेवायची. पाण्याची विजेची किटली या जनरेटरवर नको: ती एकटीच दीड-दोन हजार वॅट मागते, आणि जनरेटर ट्रिप झाला की तीन रेडिओ, तीन लॅपटॉप आणि दिवे एकदमच जातात.

लॉगिंगचं, म्हणजे संपर्क नोंदवण्याचं, सॉफ्टवेअर, एन१एमएम असो वा दुसरं, सगळ्या लॅपटॉपवर एकाच आवृत्तीचं हवं. घड्याळं यूटीसीवर, इंटरनेट नसेल तर यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर लावून वेळ जुळवायची, कारण एफटी८ ला एका सेकंदाची चूकही महाग पडते. एफटी८ चालवणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्राममध्ये फील्ड डेचा खास पर्याय निवडायचा, नाहीतर वर्ग आणि सेक्शनऐवजी साधा ग्रिड-रिपोर्ट जातो आणि समोरचा गोंधळतो. सर्वांत घातक चूक शांतपणे होते: रेडिओ आणि लॅपटॉपमधली केबल ट्रान्समिटच्या वेळी शिरलेल्या आरएफमुळे (रेडिओ लहरींमुळे) अडकते, सॉफ्टवेअर जुन्याच बँडवर थांबतं, आणि पुढचे चाळीस संपर्क २० ऐवजी ४० मीटरवर नोंदले जातात. यूएसबी केबलीच्या दोन्ही टोकांना फेराइटच्या चिमट्या लावायच्या, आणि ऑपरेटर बदलताना पडद्यावरचा बँड व रेडिओवरचा बँड मोठ्याने वाचायचा. दर दोन तासांनी लॉग पेनड्राइव्हवर, शेजारी कागद आणि पेन्सिल.

हवेवर सुरुवातीचा एक तास २० मीटर तुडुंब भरलेला असतो. शंभर वॅट आणि डायपोल घेऊन तिथे आपली फ्रिक्वेन्सी धरून बसणं जड जातं. तेव्हा बँडच्या वरच्या टोकापासून खाली येत, जे ओरडत आहेत त्यांना एकेक करून घ्यायचं. एक स्टेशन एका बँडवर एका मोडमध्ये एकदाच धरलं जातं, म्हणून सॉफ्टवेअर ‘डुप’ (दुबार) दाखवेल तिथे न थांबता पुढे. गर्दी ओसरली की मोकळी जागा शोधायची, फ्रिक्वेन्सी वापरात आहे का ते दोनदा विचारायचं आणि कॉल सुरू करायचा. कॉल पाच-सहा सेकंदांचा, त्यानंतर तीन सेकंद कान. पाच जण एकदम आले आणि ‘…किलो लिमा’ एवढंच कळलं तर ‘किलो लिमा?’ म्हणून तेवढ्यालाच बोलवायचं. बाकीच्यांनी मध्ये घुसून उत्तर दिलं तरी आधी किलो लिमाचंच काम पुरं करायचं. फ्रिक्वेन्सीवर शिस्त राहते ती यानेच. वर्ग-सेक्शन एकदाच, स्वच्छ. ‘प्लीज कॉपी’सारखे शब्द रात्रभरात तासाभराचा वेळ खातात. ईस्टर्न आणि वेस्टर्न मॅसॅच्युसेट्ससारख्या जोड्या ऐकताना हमखास चुकतात, तिथे पहिला शब्द परत विचारायला लाजायचं नाही. फोनवर तासाला ६० संपर्क नव्या माणसाला चांगलेच आहेत.

दुपारी १५ आणि १०, ते उघडे असतील तोवर तेच. संध्याकाळ २० वर. अंधार पडला की ४०. मध्यरात्रीनंतर ८०, पण जूनमध्ये दूरवरच्या वादळांचा कडकडाट तिथे ऐकावा लागतो. पाळी दोन तासांची, शेजारी लॉग लिहिणारा दुसरा माणूस, दोघांना हेडफोन. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यात अनुभवी मोर्सवाल्यांसाठी राखून ठेवावी. तेव्हा संपर्क कमी असतात पण प्रत्येकाचे दोन गुण मिळतात, आणि थकलेल्या माइकवाल्याचा आवाज तंबूभर झोप मोडत नाही. नव्यांचं गोटा (‘गेट ऑन द एअर’) स्टेशन वेगळ्या कॉलसाइनवर चालतं, पण वर्ग-सेक्शन मूळ स्टेशनाचाच सांगतं. ते सकाळी आणि संध्याकाळी चालवावं, जेव्हा बँड दयाळू असतो आणि शेजारी बसणाऱ्या जाणत्याला घाई नसते.

पहाटेच्या दवाने एसडब्ल्यूआर अचानक चढला तर आधी कनेक्टर पाहायचे, ट्यूनरची बटणं फिरवायची नाहीत. रात्रीतून पीएल-२५९ कनेक्टरची बाहेरची कडी सैल होते, किंवा न गुंडाळलेल्या जोडात पाणी शिरलेलं असतं. बाहेरचा प्रत्येक जोड आपोआप चिकटणाऱ्या रबरी फितीने गुंडाळलेला आणि जमिनीपासून वर टांगलेला हवा. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळ्या केबली रेडिओतून काढून तंबूबाहेर टाकायच्या आणि माणसं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत परत नाही. यात किती संपर्क बुडाले हे मोजत बसू नये.

रविवारी आवरताना सर्वांची घाई होते, आणि पुढच्या वर्षीचे निम्मे बिघाड याच दोन तासांत तयार होतात. मास्ट उतरवताना उभा करतानाचीच माणसं, तोच एक आवाज. केबल कोपराला गुंडाळायची नाही, मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवायची, ओली असेल तर घरी गेल्यावर पसरायची. लॉग मैदान सोडण्याआधी दोन जागी उतरवून घ्यायचा, बोनसचे पुरावे, संदेशाची प्रत आणि फोटो एका फोल्डरमध्ये. प्रवेशिका ३० दिवसांच्या आत जायला हवी, पण पहिल्याच आठवड्यात बसलं तर कुणी कोणता बँड चालवला ते आठवत असतं. प्रत्येक डायपोलला त्याचा बँड, दुमडलेली लांबी आणि मास्टची उंची लिहिलेली चिठ्ठी बांधायची. आणि ज्या केबलने रात्री दगा दिला तिचा दोषी कनेक्टर तिथेच, मैदानातच कापून टाकायचा. नुसती लाल फीत लावून ठेवलेली केबल वर्षभरात फीत हरवते आणि पुढच्या जूनला पुन्हा २० मीटरच्या अँटेनाला जोडली जाते.